पाच पानांचा निकाल

१८ ऑक्टो., धनत्रयोदशी
पहाटेपासून शेवंती तोडली. झेंडूचे कॅरेट घेऊन हे अमरावतीच्या मंडईत गेले. हात अजून पिवळे आहेत. घरात माणसं तीन आणि बोलणं सगळं माझ्यामार्फत. "आई, बाबाले सांग, चहा झाला." "तुह्या लेकीले सांग, झाकून ठेव." ऋतुजाची नर्सची ऑर्डर आल्यापासून हे असंच चाललंय. धारणीकडचं आरोग्य केंद्र, ३१ तारखेपर्यंत हजर व्हायचं. हे म्हणतात, एकटी पोरगी त्या जंगलात पाठवायची नाही, माझ्या माहेरच्या दादाच्या ओळखीनं अकोल्याच्या दवाखान्यात लागायचं, दादाकडेच राहायचं. ती म्हणते, धारणीलाच जाणार. खाण तशी माती. आणि मध्ये मी.

१९ ऑक्टो.
जेवताना ह्यांना काय सुचलं देव जाणे. "पाडव्याले पत्ते मांडू. मी जिंकलो तं अकोला, तू जिंकली तं धारणी. मंग कोणी तोंड उघडायचं नाही."
मला वाटलं गंमत करतायत. ऋ. ताठ बसली. "चालते. पण तीन पत्ती नाही, आमचा होस्टेलवाला खेळ. पोकर. पाच पानं."
"दोन पानं जास्त, तं का मी भेतो?" हे हसले.
किती दिवसांनी बापलेक थेट बोलले, तेही असं. पानं वाटायची मी, निकाल द्यायचा मी. तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पोरीचं आयुष्य म्हणजे काय चिंचोके आहेत?

२० ऑक्टो.
तोरणांची ऑर्डर संपता संपेना. ऋ. शेजारी बसून पोकर समजावत होती. पाच-पाच पानं वाटायची, नको ती एकदा बदलून द्यायची, मग उघडायची. आणखीही बरंच सांगितलं. "आई, ऐकून राहिली ना?" हो हो म्हटलं. सुई बोटात गेली तेव्हाही हो हो म्हणत होते.

२२ ऑक्टो., पाडवा
झालं एकदाचं.
ह्यांना ओवाळलं, जेवणं झाली, सतरंजी टाकली. पानं मी वाटली. ह्यांनी दोन पानं बदलली, ऋ.नं एकच. बाहेर फटाके, आत पंख्याचा आवाज.
ह्यांनी आधी उघडली. एक्का, दुर्री, तिर्री आणि पुढची चौकी, पंजी. रंग वेगवेगळे, पण सगळी लागोपाठ, म्हणजे सिक्वेन्स. एक्का-दुर्री-तिर्री म्हणजे ह्यांचा जीव की प्राण, आमच्या तीन पत्तीत तिच्यावर फक्त राजा-राणीवाला एक्का, एका रंगाची सिक्वेन्स आणि तीन सारख्या पानांची ट्रेल. ऋ.नं उघडली ती पाचही इस्पिकची, पण लागोपाठची नाहीत. म्हणजे कलर. दोघांनी माझ्याकडे पाहिलं.
"सिक्वेन्स मोठी," मी म्हटलं. लग्न होऊन आल्यापासून दर दिवाळीत हेच ऐकलंय. कलरपेक्षा सिक्वेन्स मोठी. तोंडातून निघूनच गेलं.
हे मांडीवर थाप मारून उठले. ऋ. माझ्याकडे बघत राहिली, मग पानं गोळा केली. "बरं," एवढंच. आणि भांडी घासायला बसली.
खरं लिहायचं तर मला हायसं वाटलं. सुंठीवाचून खोकला गेला.

२३ ऑक्टो., भाऊबीज. अकोला
बडनेऱ्याहून रेल्वेनं आले. ऋ. आली नाही, डोकं दुखतं म्हणाली. दादाला ओवाळलं. मागची खोली तिच्यासाठी झाडून ठेवलीय, नवा पडदासुद्धा. दवाखाना चालत जाण्याइतका जवळ. किती बरं वाटलं.
दुपारी मंदावहिनी मोबाइलवर पत्ते खेळत बसली होती. तोच खेळ, पोकर. मी हौसेनं पाडव्याचा सगळा डाव सांगितला. तिनं मोबाइल खाली ठेवला.
"अवो ताई, हे तं उलटं झालं. तीन पानात सिक्वेन्स मोठी. पाच पानात कलर मोठा."
"असं कसं?"
"असंच हाय. पाच पानं एका रंगाची येनं लय कठीन. अन् एक्क्यापासून पंजीपर्यंत म्हंजे तं सगळ्यात लहान सिक्वेन्स. पोरगी जिंकली होती ना बाप्पा!"
लाडू हातातच राहिला. वहिनीला म्हटलं, कोणाला बोलू नको. परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली, पण बसवेना.

२४ ऑक्टो.
वहिनीचं ऐकून गप्प बसणारी मी नव्हे. टोपलीत चार रंगांची फुलं सारखी मिसळली आणि न बघता मुठीनं काढत बसले. तीन एका रंगाची लवकर आली. पाच काही येता येईनात. लाल, पिवळी, पांढरी, जांभळी, नुसती खिचडी. हे दारातून म्हणाले, "काय करून राहिली व?" मी म्हटलं, फुलं निवडतेय.
वहिनीचं खरं आहे.
आणि ऋ.ला हे माहीत असणारच, खेळ तिचा. मग ती बोलली का नाही?

२६ ऑक्टो.
कालही धीर झाला नाही. आज गच्चीवर कपडे वाळत घालताना विचारलं.
"तुले माहीत होतं?"
"हो."
"मंग कावून नाही बोलली?"
तिनं ओला टॉवेल झटकला, परत झटकला. "तुले सांगतलं होतं ना मी. तोरणं ओवताना. कलर मोठा, दोनदा सांगतलं. तू हो हो म्हणत होती."
मी चिमट्यांची टोपली खाली ठेवली.
"मले वाटलं, तुले आठवते. आठवूनच बोलली. म्हणजे तुले बी मी जायले नको. बाबाशी भांडू शकतो मी. तुह्याशी कशी भांडू?"
खाली आले आणि मोरीत तोंडावर पाणी मारत राहिले.

२७ ऑक्टो.
ह्यांची स्वारी खुशीत. मंडईत सगळ्यांना डाव सांगून झालाय. "दोन पानं बदलली, अन् बरोबर चौकी-पंजी आली!" दादाला फोन करून पहिल्या तारखेपासून पोरगी येते म्हणून कळवून टाकलं. मी ऐकत उभी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.
त्यांचा आनंद खोटा नाही, हेच तर वाईट. पोरगी जवळ राहणार म्हणून माणूस पोराटोरासारखा हरखलाय.

२८ ऑक्टो.
सारखं एकच. मला खरंच आठवत नव्हतं का?
ओवताना माझं लक्ष नव्हतं, हे खरं. पण दोघांनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा क्षणभर काहीतरी आत खटकलं होतं. काहीतरी सांगितलं होतं पोरीनं, असं. थांबून विचारता आलं असतं, "ऋतू, तुह्या खेळात काय मोठं?" एवढंच. नाही विचारलं. धारणीचा घाट, पावसात बंद पडणारा रस्ता, रात्री कोणी बाळंतीण आली तर जीपमध्ये बसून जाणारी माझी पोरगी, हे सगळं डोळ्यांपुढे होतं आणि तोंडानं म्हटलं, सिक्वेन्स मोठी.
विसरले की विसरायचं होतं, माझं मलाच कळत नाही. कळलं तरी लिहवेल का?

२९ ऑक्टो.
ऋ.नं अकोल्यासाठी बॅग भरली. धारणीची ऑर्डर घडी करून देवघराच्या फळीवर ठेवून दिली. रडली नाही, चिडली नाही. उलट मला विचारते, "आई, मामीले शेवंती नेऊ का?"
त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं.

३० ऑक्टो., गुरुवार
सांगितलं.
सकाळी हे कॅरेट बांधत होते. मी पत्त्यांचा कॅट आणला, ओट्यावर दोघांची पानं मांडली. वर त्यांची, खाली तिची. म्हटलं, पाच पानात कलर मोठा असतो, निकाल माझा चुकला.
आधी हसले. मग पानांकडे बघत राहिले. "माह्या हातात एक्का-दुर्री-तिर्री असून?"
"असून."
"तिले माहीत होतं?"
"हो. मलेबी सांगतलं होतं तिनं."
सुतळी हातातच. वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर मीही ओरडले असते, सवय आहे. पण खाली बसले.
"पत्ते ठेव बाजूले. तुले काय वाटते, थे सांग."
इतक्या वर्षांच्या संसारात हे असं कधी विचारलं नव्हतं. आणि विचारलं नाही म्हणून मीही मजेत होते, आता कळतंय.
"मले भेव लागते," मी म्हटलं. "लय भेव लागते. पण तिनं जावं, असंही वाटते."
"मंग डाव कोणाचा?"
"तिचा."
हे उठले. कॅरेट गाडीवर चढवले, किल्ली विसरले, परत आले, किल्ली घेतली आणि गेले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
ऋ.ला सगळं सांगितलं. म्हटलं, मी पत्ते ओळखले नाहीत असं नाही पोरी, मी घाबरले. ती बराच वेळ माझा हात धरून बसली. मग म्हणाली, "बाबा काय म्हणले?"
"काहीच नाही."
"उद्या सकाळी सहाची बस हाय, आई. उद्या हजर नाही झाली, तं गेलं."
"मंग जाय ना. डाव तुहाच हाय."
"शब्द त्यायनं देला होता. त्यायच्या तोंडून आल्याबिगर गेली, तं चोरावानी गेल्यासारखं होते." फळीवरची ऑर्डर काढली, बघितली, पुन्हा ठेवली. बॅगेतून काही काढलं नाही, काही भरलंही नाही.
हे रोज अकरापर्यंत घरी येतात. दोनदा फोन केला, उचलत नाहीत. वरण गार झालं. आम्ही दोघी जेवलो नाही.
दीड वाजला. आत्ता गाडीचा आवाज आला म्हणून दोघीही उठून दारात गेलो. शेजारच्यांची होती.