वल्यम्माची हजेरी

९ मार्च, रविवार

आज घडलं ते क्रमाने:

१. गाडी ओट्टप्पालमला वेळेवर पोहोचली. खिडकीची जागा मिळाली होती.

२. ओप्पोळ फाटकाशीच उभी होती. ओप्पोळ म्हणजे माझी मावसबहीण सुभद्रा. माझ्याहून बरीच मोठी, म्हणून लहानपणापासून ओप्पोळ, म्हणजे ताई. माझी बॅग हातात घेत ती म्हणाली, "वजनकाटे तपासतेस ना गं? मग एकदा स्वतः चढून बघ की!"

३. तिची आई, माझी थोरली मावशी वल्यम्मा, हिने मला ओळखलं नाही. तरी केस विंचरून यायला सांगितलं. मुख्याध्यापिका होती. बाकी सगळं विसरली, दरारा विसरली नाही.

४. जेवायला पिकल्या आंब्याची, ताकातली पुळिशेरी होती. मी पोटभर जेवले आणि दुपारी चक्क झोपले.

सहा वर्षं ओप्पोळ एकटी हे सगळं करते आहे. तिचा भाऊ रघुएट्टन मस्कतला आहे, तो पैसे पाठवतो. गेल्या महिन्यात ओप्पोळ न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. तेव्हा ठरलं की मी विषूपर्यंत, म्हणजे एप्रिलमधल्या नववर्षापर्यंत, इथे राहायचं आणि तिने विश्रांती घ्यायची. सोळा एप्रिलला मला कोइंबतूरच्या प्रयोगशाळेत रुजू व्हायचं आहे. मुरुगेशन सरांनी रजा देताना तारीख तीनदा म्हणवून घेतली.

घर छोटं, स्वच्छ, हवेशीर आहे. मला आवडलं.

११ मार्च

घराचे दोन नियम आहेत. पहिला, वल्यम्माचं म्हणणं खोडायचं नाही. डॉक्टरांनीच तसं सांगितलं आहे. ती म्हणाली शाळेत जायचंय, तर ओप्पोळ मऊ आवाजात म्हणते, "हो हो, चहा झाला की." चहा होईपर्यंत शाळा विसरलेली असते.

दुसरा, घरात आरसा नाही. वल्यम्माला आरशात परकी बाई दिसायची आणि ती घाबरायची. बेसिनवर आता नुसते चार खिळे आहेत. खिडक्यांच्या काचांना आतून कागद चिकटवलेला.

रोज सकाळी ती खाटेवर ताठ बसून हजेरी घेते. "सुभद्रा?" ओप्पोळ म्हणते, हजर. मग माझ्याकडे बोट. ओप्पोळ हळूच नाव सांगते. "हृद्या?" मीही हजर म्हणते. गंमत वाटते.

१८ मार्च

ओप्पोळ खूप झोपते. झोपू दे.

अंघोळ, तांदळाची कंजी भरवणं, औषध, लुगडी धुणं आता माझ्याकडे आहे. कामाचा त्रास नाही. तोच प्रश्न पुन्हापुन्हा येतो, त्याचाही नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर आपण उत्तर देत नसतो, तोंड देत असतं.

माझा फोन वल्यम्माने बादलीत टाकला. कुर्त्यांवर कंजी सांडते, म्हणून घरात ओप्पोळचे मुंडू नेसते. दातांच्या डॉक्टरकडे जायला ओप्पोळने माझा निळा कुर्ता मागून घेतला. तिला शोभला. तिच्या हनुवटीवरचा तेलाने भाजल्याचा डागसुद्धा आज फिका वाटला.

२५ मार्च

आज हजेरीत वल्यम्माने माझ्याकडे बोट करून विचारलं, "सुभद्रा?" मी ओप्पोळकडे बघितलं. तिने पुन्हा विचारलं. मग तिचे ओठ थरथरायला लागले, आणि ही एवढी करारी बाई हमसून रडली. मला काहीच वाटलं नाही, आणि हे माझ्या लक्षात आलं.

ओप्पोळ म्हणाली, "म्हण की एकदा हजर. तुझ्या खिशातलं काही जातंय का?"

म्हटलं.

मग ओप्पोळकडे बोट. "हृद्या?" आणि ओप्पोळने हसत, शाळकरी पोरीसारखा हात वर केला.

२९ मार्च

आता रोज तसंच. खोडायचं नाही.

शेजारच्या कार्त्यायनीअम्मा कुंपणावरून ओरडल्या, "सुभद्रे, पाहुणी आल्यापासून तुझी चंगळ आहे हं!" मी सांगितलं की मी हृद्या. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "हो हो. चहा झाला का?"

तो आवाज. ओप्पोळचा मऊ आवाज. ओप्पोळला विचारलं. ती म्हणाली, आईचा गोंधळ नको म्हणून शेजारी सगळ्यांना सांगून ठेवलंय.

४ एप्रिल

प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी शिकवतात की काटा हळूहळू सरकत असेल तर ते त्या काट्याला कळत नाही. त्याचं शून्यच सरकलेलं असतं. बाहेरून प्रमाण वजन आणून ठेवावं लागतं.

इथे माझ्यासाठी प्रमाण काही नाही. म्हणून लिहून ठेवते: डाव्या गालावर तीळ. उजवी भुवई मधे तुटलेली. हनुवटी स्वच्छ.

ओप्पोळ आज अंगणात गाणं म्हणत होती. वल्यम्मा कौतुकाने म्हणाली, "हृद्याचा गळा गोड आहे."

माझाही पूर्वी बरा होता.

८ एप्रिल

ओप्पोळच्या साध्या फोनवरून रघुएट्टनला मस्कतला लावला. सगळं सांगितलं. आवाज शांत ठेवला. म्हटलं, सोळाला मी जाणार, नंतरची सोय कर, मदतनीस बाई बघ, नाहीतर स्वतः ये.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हो हो. तू चहा घेतलास का?" मग थांबून, "हृद्या म्हणालीच होती, की तू असं काहीतरी बोलशील. थकलीयेस तू, सुभद्रे. सहा वर्षं झाली."

मी फोन ठेवला. राग यायला हवा होता. वल्यम्माचं औषध चुकलं असतं, म्हणून उठले.

११ एप्रिल

ओप्पोळ विषूच्या कणीची, पहाटे सगळ्यात आधी बघायच्या मांडणीची, तयारी करते आहे — काकडी, तांदूळ, पिवळी फुलं. आणि आरसा. कणीत आरसा लागतोच. पहाटे डोळे मिटून नेतात, उघडले की देवाबरोबर स्वतःचं तोंड दिसलं पाहिजे. तिने तो पेटीतून काढला, फडक्यात गुंडाळलेला. मी मागितला. म्हणाली, आधी पाहायचा नसतो.

तीन दिवस. मग मला प्रमाण मिळेल.

१४ एप्रिल, विषू

पहाटे ओप्पोळने मागून माझे डोळे झाकले आणि चालवत नेलं. तिचे तळवे मऊ होते. माझे तसे होते, इथे येण्याआधी.

हात काढले. दिवा, काकडी, फुलं. आरसा.

आरशात ओप्पोळ होती.

ती मागे उभी असेल म्हणून वळले. मागे निळ्या कुर्त्यात एक मुलगी होती. डाव्या गालावर तीळ.

मी हनुवटीवर बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही. आरशात बोट डागावरून फिरलं. दोन साधनं, दोन उत्तरं. अशा वेळी तिसरं लावून बघायचं असतं — तिसरं नाही.

मग तिने माझ्यासमोर तळहात पसरला. विषूला मोठ्यांनी धाकट्यांना नाणं द्यायचं असतं. "दे ना, ओप्पोळे," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. पण हात मागे घेतला नाही.

माझ्या मुठीत नाणं होतं. कधी ठेवलं, कोणी — मी दिलं.

१५ एप्रिल

ती दुपारच्या गाडीने गेली. माझी बॅग घेऊन. मी फाटकाशी उभी होते.

अडवलं नाही. वल्यम्माची अंघोळ व्हायची होती, तिला फार वेळ एकटं सोडता येत नाही.

जाताना तिने माझा हात घट्ट धरला. म्हणाली, मला माफ कर, मी खूप दमले होते. म्हणाली, कोणीतरी येईल. तुझ्याकडेही कोणीतरी —

आता बोटालाही डाग लागतो.

१६ एप्रिल, बुधवार

हे पान फाडून दूधवाल्याबरोबर टपालात टाकते आहे.

मुरुगेशन सर,

माझं अक्षर तुम्ही ओळखता. दाखल्यांवर रोज पाहिलंय. आज हृद्या कामावर आली का, एवढंच विचारायचं आहे. आली असेल तर तिच्यापुढे प्रमाण वजनं ठेवा आणि मोठा काटा तपासायला द्या. तिला ते येणार नाही. मला येतं. म्हणजे — आधी शून्य — आधी काय करतात ते — मला येतं.

पत्ता मागे आहे. शनिवार, एकोणीस तारखेपर्यंत उत्तर कळवा. त्यानंतर मी विचारेन की नाही, सांगता येत —

हजेरी सुरू झाली. दोनदा नाव घेतलं तिने. ओठ थरथर —

आले, अम्मे. हज