तीन ठोसे, एकाच जागी

सोमवार, ३ जुलै. सकाळी ६.१०

नवीन वही. नवीन पेन. नवीन मी.

संकल्प: यंदा हात उचलायचा नाही. कुणावरही. कारण कितीही सबळ असो.

मुळात मी शांत माणूस. मोठ्या बाईंच्या, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांच्या कपाटात माझ्या नावाच्या दोन नोटिसा आहेत. दोन्ही निव्वळ गैरसमज. पहिल्या वेळी मी डस्टर भिंतीवर मारला होता, मुलगा मधे आला. दुसऱ्या वेळी मी नुसता कान धरला होता, मुलगा पळाला. पळायला मी सांगितलं नव्हतं. दोन टाके पडले, त्याचा दोष माझ्या माथी.

बाईंनी शुक्रवारी बोलावून सांगितलं की तिसऱ्यांदा नोटीस नाही, थेट घरी. बावीस वर्षांची नोकरी. मग जरा मऊ आवाजात म्हणाल्या, की तुम्हाला शिकवता येतं हे मला माहीत आहे, म्हणून नववी 'ड' देते. चौतीस मुलं. परिच्छेदलेखनात दहापैकी सरासरी दोन. ऑक्टोबरपर्यंत सहावर आणा, दोन्ही नोटिसा फाडून टाकते.

सहा काय, सात आणतो.

मंगळवार, ४ जुलै

पहिला तास. विषय सोपा दिला: माझी शाळा. पाच-सहा ओळींचा एक परिच्छेद.

चौतीसपैकी एकोणतीस जणांच्या शाळेला गेट आहे. 'माझी शाळा छान आहे. माझ्या शाळेला गेट आहे. माझे बाबा गाडी चालवतात. मला शाळा आवडते.' बाबा मधेच कुठून आले? गेटातून?

खिडकीजवळच्या मुलीनं एकच ओळ लिहिली. 'माझी शाळा आहे.' बास. विचारलं, पुढे? गप्प. पुन्हा विचारलं, पुढे काय? बाकाकडे बघत बसली. तिचं नाव मी एकओळी ठेवलं.

अजिबात चिडलो नाही. फूटपट्टी मोडली, ती टेबलावर. टेबल तक्रार करत नाही. वरच्या मजल्यावरचे प्रयोगशाळेचे सर मधल्या सुट्टीत म्हणाले, की आवाज वरपर्यंत येत होता. त्यांना कशाचाही त्रास होतो.

गुरुवार, ६ जुलै. संध्याकाळी ५

सापडलं! बावीस वर्षं काखेत कळसा होता.

सिग्नलला टेम्पोवाला आणि स्कूटरवाला जुंपले होते. पन्नास माणसं बघत उभी. कुणी जांभई देत नव्हतं, कुणी घड्याळ बघत नव्हतं. मला एकदम उमगलं, की चांगला परिच्छेद म्हणजे चांगली मारामारी. पहिलं वाक्य: कॉलर धरायची, म्हणजे कुणाशी काय भांडण आहे ते सगळ्यांना कळतं. मधली वाक्यं: तीन ठोसे, एकाच जागी. नाकावर सुरुवात केली की नाकावरच. वाटेत तिसऱ्याला मारायला जायचं नाही (बाबा गाडी चालवतात!). शेवटचं वाक्य: आपटायचं आणि मागे न बघता चालू लागायचं.

लगेच खिशातून कागद काढला. स्कूटरवाल्याला विनंती केली, की दुसरा ठोसा जरा पुन्हा दाखवा, नीट दिसला नाही. त्यानं तो मलाच दाखवला. चष्म्याची एक काडी गेली. पद्धत सापडण्याच्या मानानं स्वस्त.

ही म्हणजे आमची बायको. दवाखान्यात नर्स आहे, ड्रेसिंगच्या खोलीत. नाकाला बर्फ लावून दिला आणि विचारलं, की आज कोण मधे आलं?

टोमणा होता. दुर्लक्ष केलं.

सोमवार, १० जुलै

फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: १. कॉलर धरा. २. तीन ठोसे, एकाच जागी. ३. आपटा.

वर्ग जागा झाला! मागच्या बाकावरची मुलं पुढे सरकली. विषय दिला: आमच्या वर्गातला पंखा. सगळ्यात उंच मुलगा, ज्याला सगळे उंच्या म्हणतात, त्यानं लिहिलं: 'आमच्या वर्गातला पंखा नोकरी सोडून गेलेला आहे. बटण दाबलं की तो फक्त कण्हतो. त्याच्या पात्यांवर गेल्या वर्षीची धूळ आहे, म्हणजे तो वर्षभर फिरलेला नाही. वायरमन तीनदा आला आणि तीनदा चहा पिऊन गेला. आता आम्ही पंख्याकडे वारा मागत नाही, सावली मागतो.'

डोळ्यांत पाणी आलं. कधी नव्हे ते मुलाचं मनापासून कौतुक केलं, पाठीवर थाप दिली. कार्टं काटकुळं. बाकावर तोंडावर आपटलं, ओठ फुटला. हसलो आणि म्हणालो, हेच शेवटचं वाक्य! वर्ग हसला नाही. विनोदबुद्धी वाढवायला हवी.

नोंद (उद्या कुणी विचारलं तर): पाठ थोपटणं म्हणजे मारणं नव्हे.

एकओळी: 'पंखा बंद आहे.'

मंगळवार, ११ जुलै

कपाटाला ठोसा मारला. स्टाफरूममधलं लोखंडी कपाट, उघडत नव्हतं. आत वह्या. हात सुजला.

हिनं पट्टी बांधली. विचारलं, की कपाटानं काय चुकीचं लिहिलं होतं. मी शांतपणे समजावलं, की संकल्प माणसांपुरता आहे, कपाट त्यात येत नाही. ही म्हणाली, मी कशात येते? मी म्हणालो, तुझ्यावर मी आजवर हात उचललाय का? ही म्हणाली, नाही, पण मागच्या वर्षी डायनिंग टेबलाच्या चार खुर्च्या होत्या.

बायकांना मुद्द्याला धरून बोलता येत नाही. नाकावर सुरुवात, गुडघ्यावर शेवट.

सोमवार, २४ जुलै

पद्धत मुलांच्या अंगात भिनली. जरा जास्तच. मधल्या सुट्टीत दोघांनी एकमेकांची कॉलर धरली आणि बाकीचे मोजत होते, एक, दोन, तीन, जागा बदलू नको! एकाचा डोळा काळानिळा. पण नंतर त्यानं त्यावर जो परिच्छेद लिहिला, त्याला मी आठ दिले.

पीटीचे सर माझ्या तासाला वर्गाच्या दारात भांडायला आले. म्हणाले, की वीस वर्षांत माझ्या मैदानावर मारामारी झाली नाही आणि तुम्ही भाषेच्या तासाला आखाडा काढलात. मी पद्धत समजावली. ते हसले. मी दार लावून घेतलं. त्यांची बोटं चौकटीत होती. बोटं ठेवायची ती जागा आहे का? दोन बोटांना पट्टी. चौतीस मुलं दाराकडे बघत होती, फळ्याकडे एकही नाही. किती सहज लक्ष उडतं यांचं.

बाईंनी बोलावलं. मी म्हणालो, की नोटिशीत विद्यार्थी म्हटलंय, पीटीचे सर विद्यार्थी नाहीत. बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. म्हणजे मुद्दा पटला.

बुधवार, ९ ऑगस्ट

चाचणीचा निकाल. सरासरी ४.८! महिन्याभरात दोनावरून पाचाच्या घरात. स्टाफरूममध्ये आकडा तीनदा मोठ्यानं सांगितला. पीटीचे सर डाव्या हातानं चहा पीत होते.

एकओळीला शून्य. विषय होता: मला सांगायचंय असं काही. तिनं लिहिलं, 'मला काही सांगायचं नाही.' एका ओळीला मी शून्यच देतो, तत्त्व म्हणजे तत्त्व.

तिची आई भेटायला आली. शिवणकाम करते, बोटाला सुईचे टोचे. म्हणाली, की घरी पोरगी दिवसभर बोलत असते, वहीच्या वही भरून लिहिते, गोष्टी लिहिते, मग शाळेतच काय होतं हिला? मी म्हणालो, काळजी करू नका, मी आहे ना. आई माझ्या हातांकडे बघत उठली आणि गेली.

प्रत्येक आईला आपलं पोर लेखक वाटतं.

मंगळवार, २२ ऑगस्ट

उद्या मोठ्या बाई माझ्या तासाला बसणार. म्हणाल्या, की आकडे चांगले आहेत, आता वर्ग बघते.

अंगात कापरं आहे. भीती नव्हे, उत्साह. तयारी चोख. एकओळीलाच उभं करायचं, बाईंच्या देखत तिच्याकडून पाच वाक्यं काढून घ्यायची. आणि हातांची व्यवस्था: तासभर दोन्ही हातांत मोठा शब्दकोश धरायचा. दोन किलो वजन. हात भरलेले असले की उचलायचा प्रश्नच येत नाही.

हिला कल्पना सांगितली. ही म्हणाली, शब्दकोशाऐवजी उशी ने.

बुधवार, २३ ऑगस्ट

शब्दकोश सुटला.

एकओळीला उभं केलं. विषय मीच दिला: माझे शिक्षक. बाई मागच्या बाकावर, गुडघे आखडून. एकओळीनं वाचलं: 'सर शिकवतात.' मी हसून म्हणालो, दुसरं वाक्य. गप्प. दुसरं वाक्य, बाळा. गप्प. तिसऱ्यांदा विचारलं, चौथ्यांदा विचारलं, खिडकीच्या काचा वाजत होत्या, आणि ती माझ्या तोंडाकडे नाही, शब्दकोशाकडे बघत होती.

मग तो सुटला. उंच्या मधे आला. कुणी बोलावलं होतं त्याला मधे? भुवईवर लागला. वहीवर रक्त. एकओळी उभीच.

बाईंनी उंच्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. चार टाके. पट्टी हिनं बांधली.

ही घरी आली, हात धुतले, पुन्हा धुतले. मी सांगायला लागलो, की शब्दकोश जड होता. ही म्हणाली, की पोरगा टाके घालताना रडला नाही, फक्त दोनदा विचारलं, सरांची नोकरी जाईल का. मग हिनं बॅग भरली. भावाकडे चालली. मी विचारलं, किती दिवस? म्हणाली, मधे कुणी येणार नाही इतके दिवस.

शुक्रवार, २५ ऑगस्ट

शाळेत येऊ नका असं सांगितलंय. पण एक अत्यंत आनंदाची गोष्ट.

बाईंनी काल नववी 'ड'ला एकेक परिच्छेद लिहायला लावला: बुधवारी वर्गात काय झालं. वर्गात एकही शिक्षक नव्हता म्हणे. चौकशीच्या नियमानुसार सगळ्यांच्या प्रती मला मिळाल्या. लिफाफा उघडला, आणि सवयीनं लाल पेन काढलं.

काय लिहिलंय पोरांनी! गेट नाही, बाबा नाहीत. पहिल्याच वाक्यात कॉलर. पुरावे एकाच जागी. एकानं शब्दकोशाच्या पुठ्ठ्याचा रंगसुद्धा दिलाय. उंच्यानं लिहिलंय, की मी मधे आलो ही माझी चूक नाही, पण सरांना तसं वाटलं तर चालेल. नऊ दिले.

बेरीज केली. सरासरी साडेसात! ऑक्टोबर उजाडायच्या आत! नोटिसा फाडायला हव्यात. बाईंना फोन लावला, त्यांनी उचलला नाही.

एक कागद खाली राहिला होता. एकओळीचा. पान भरलेलं. उतरवून ठेवतो:

'सर चांगलं शिकवतात, पण सरांच्या तासाला मला एकच ओळ येते. पहिल्या दिवशी त्यांनी फूटपट्टी मोडली, तेव्हा माझं दुसरं वाक्य डोक्यातच राहिलं. उंच्यानं पंख्यावर छान लिहिलं, तर त्याचा ओठ फुटला, म्हणजे चांगलं लिहूनही लागतंच. पीटीच्या सरांची बोटं दारात सापडली, तेव्हा ते ओरडले आणि आम्ही कुणीच ओरडलो नाही. आम्ही फळा बघत नाही, सरांचे हात बघतो. काल शब्दकोश माझ्याकडे येत होता. आज वर्गात सर नाहीत, म्हणून मला आठ ओळी लिहिता आल्या. सरांना मारू नका, फक्त आमच्यापासून लांब ठेवा.'

चूक शोधली. दोनदा, मग तिसऱ्यांदा. अनुस्वारसुद्धा जागच्या जागी.

लाल पेन हातात, गुण देता आले नाहीत. 'लांब ठेवा' या दोन शब्दांपाशी बराच वेळ बसलो. वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं.

शनिवार, २६ ऑगस्ट

अकरा वाजता शाळेत येऊन लेखी खुलासा द्यायचा. बाई म्हणाल्या होत्या, एक परिच्छेद पुरे. तो बघून चौकशी समिती ठरवणार, मला ठेवायचं की नाही.

शनिवारची सकाळची शाळा सुटलेली. शिपाईकाकांनी नववी 'ड' उघडून दिली. मी नकळत खिडकीजवळच्या बाकावर बसलो. गुडघे मावेनात.

पहिला प्रयत्न: 'वर्गात शिस्त राखताना काही वेळा.' खोडलं. दुसरा: 'शब्दकोशाचं वजन लक्षात घेता.' खोडलं. तिसऱ्यात बावीस वर्षं आली, पीटीचे सर आले, कपाट आलं, नर्सची ड्युटी आली. बाबा गाडी चालवतात. खोडलं.

मग एक ओळ झाली: 'शब्दकोश सुटला नाही, मी फेकला.'

पुढे काही सुचेना. कॉलर धरली, ती माझीच. आता ठोसे कुठे मारायचे?

शिपाईकाकांनी दारातून विचारलं, की सर, पुढे? साधा प्रश्न, हळू आवाजात विचारलेला. मी दचकलो आणि हात कागदावर आडवा धरला.

त्यांनी बाईंकडे न्यायला कागद घेतला, पालथा करून बघितला. म्हणाले, एवढंच?

बाकाकडे बघत बसलो.