चोवीस इंची पट्टी आणि माझी सही

मी, हरिहर गोविंद पाटणकर, वय वर्षे बहात्तर, निवृत्त यांत्रिकी अभियंता, मूळचा वाईचा, सध्या राहणार मानक नगर, लखनौ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे; डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाची जबरदस्ती नाही. शिसारी मात्र आली आहे, आणि शिसारीच्या भरात लिहिलेले मृत्युपत्र रद्द होत नाही, हे वकिलांना विचारून घेतले आहे.

१. राहते घर व बँकेतील ठेवी पत्नी सौ. मधुमती हिला. तिच्या पश्चात मुलगा धैर्यशील व मुलगी रुचा यांना निम्मेनिम्मे. भांड्यांवरून भांडू नये. भांडण्याजोगे एकही भांडे घरात नाही.

२. मलिहाबाद रस्त्यावरील झाडीची सहा बिघे जमीन संपूर्णपणे रुचाला. धैर्यशीलला तिथली काडीही मिळू नये. कारण लिहितो, म्हणजे पुढे कोर्टात कोणाला अंदाज बांधायला नको.

१९९३ साली तिथली निलगिरी तोडायला काढली. परवानगी हातात होती. तोडणारा रामसजीवन, काकोरीकडचा, तीस वर्षे हाताच्या आरीने झाडे पाडणारा. काम लवकर उरकावे म्हणून मी यंत्राची करवत, म्हणजे चेनसॉ, घ्यायचे ठरवले. धैर्यशील बँकेत अधिकारी. त्याने घरच्या करवतीसाठीही तीन कोटेशने मागवली, तुलनात्मक तक्ता टाइप करून आणला आणि म्हणाला, "बाबा, एल-वन एकदम क्लिअर आहे. सबसे सस्ता, वर पट्टी पण सबसे लंबी. बस, साइन करा."

झाडांचे खोड चौदा इंचांच्या आतले. पट्टी, म्हणजे साखळी जिच्या कडेने फिरते ते पाते, चोवीस इंची. इंजिन फांद्या छाटण्यापुरते. म्हणजे आडात नाही ते पोहऱ्यात आणायचा उद्योग. तक्त्यात किंमत होती, लांबी होती, वॉरंटी होती; साखळीच्या ब्रेकचा रकानाच नव्हता. उरलेल्या दोन्ही यंत्रांना हाताच्या पुढे आडवा दांडा होता. करवत उसळली की तो मागे ढकलला जातो आणि साखळी जागच्या जागी थांबते. आमच्या स्वस्त लाडकीला तो नव्हता.

रामसजीवनने करवत उचलून पाहिली आणि खाली ठेवली. म्हणाला, "साहब, आरी पेड़ देखि कै लीन जात है, परचा देखि कै नाहीं." धैर्यशील हसला. मीही हसलो.

तिसऱ्या दिवशी पट्टीचे लांबलचक टोक मागच्या खोडाला लागले, करवत उसळली आणि रामसजीवनच्या डाव्या खांद्यात गेली. जीव वाचला. हात लोंबता राहिला. इस्पितळात त्याला रोज भेटायला गेली ती एकटी रुचा. धैर्यशील गेला तो दुकानात, वॉरंटीची चौकशी करायला.

३. सदर करवत, पुसलेली आहे, धैर्यशीलला. सोबत तो तक्ता काचेच्या चौकटीत घालून द्यावा. त्याच्या गोमती नगरच्या फ्लॅटमध्ये, येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसेल अशा भिंतीवर लावावा. लावणार नाही, ठाऊक आहे.

४. रुचा, तुला झाडे तोडावी लागतीलच. नवी करवत घेशील. आधी टेप घेऊन रानात जा आणि खोडे मोज. पट्टी खोडापेक्षा दोन-तीन इंच मोठी, पुरे. इंजिन ती पट्टी लाकडात ओढू शकेल एवढे हवे. ब्रेक दुकानातच लावून बघ. दुकानदार "अरे मैडम, जरूरत नहीं पड़ती" म्हणाला तर चपला घाल आणि बाहेर पड. साखळीला धार लावणारा लखनौत कोण आहे ते विचार. दिल्लीला पाठवावी लागत असेल तर नको. आणि जो ती चालवणार त्याच्या हातात दहा मिनिटे दे. पसंती त्याची. सही करणाऱ्याची नव्हे.

५. आता माझे. इस्पितळातून पोलिसांत वर्दी गेली. मी चौकीवर लिहून दिले, "अपघात कामगाराच्या हलगर्जीपणामुळे झाला." मजकूर धैर्यशीलने सांगितला, अक्षर माझे. ते खोटे आहे. मी एकतीस वर्षे मालगाड्यांच्या ब्रेकवर काम केले. पत्रकांतली चित्रे पाहताना या करवतीला ब्रेक नाही हे मला दिसले होते. बोललो असतो तर तक्ता पुन्हा करावा लागला असता, आणि माझी दुपारच्या झोपेची वेळ झाली होती. म्हणून सही केली. मुलाचा मला वीट आला आहे. स्वतःची किळस येते. रामसजीवनची चूक नव्हती. या कलमाची प्रत चौकीवर आणि त्याच्या गावच्या प्रधानाकडे, म्हणजे सरपंचाकडे, मी उद्याच, जिवंतपणी, पाठवीत आहे.

६. गेल्या महिन्यात त्याला बोलावून जमीन देऊ केली. तो बसलासुद्धा नाही. "जमीन लै कै का करब, साहब? आप आँख मुँदिहौ, भैया हमका कचहरी दौड़इहैं. तीन साल से गाँव मा कोऊ काम नाहीं देत, कहत हैं मसीन तोड़िस, आपन हाथ तोड़िस. ई लिखौ कि गलती हमार नाहीं रही. औ गवाह मा हमार नाम रहै." म्हणजे मी डोळे मिटले की धैर्यशील त्याला कोर्टात पळवणार; त्याला हवे ते एवढेच, की चूक त्याची नव्हती हे लिहावे आणि साक्षीदारांत त्याचे नाव असावे.

वकील म्हणाले, ज्याला लाभ त्याने साक्षीदार होऊ नये, उद्या संशय घेतला जातो. दोन्हीपैकी एक निवडा. मी त्याला हे दोनदा समजावले. त्याने साक्ष निवडली. म्हणून जमीन रुचाला.

यापूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रे याने रद्द.

ठिकाण : लखनौ. दिनांक : ९ फेब्रुवारी १९९६.
(सही) हरिहर गोविंद पाटणकर

साक्षीदार
१. (सही) डॉ. विनीता सरदेसाई, लखनौ छावनी.
२. (सही) रामसजीवन. मजकूर हिंदीत वाचून दाखवला. कलम पाच त्याने पुन्हा वाचायला लावले. सही करताना डाव्या हाताने कागद दाबून धरता येईना, म्हणून तो मी धरला. — ह. गो. पा.