आठ तास पन्नास मिनिटं

३ मार्च, मंगळवार

तिकिटं आली. दादानं काढली, म्हणजे त्याच्या सोयीची. गाडी बंदराच्या शहरात सकाळी सात चाळीसला पोचणार आणि बेटावर जाणारं जहाज दुपारी साडेचारला सुटणार. मध्ये आठ तास पन्नास मिनिटं. मी तीनदा मोजली.

दादा फोनवर म्हणाला, "सरळ धक्क्यावर जाऊन बसा. प्रतीक्षालयात पंखे आहेत, संडास स्वच्छ आहेत." झालं त्याचं नियोजन.

त्या शहरात धाकटी राहते. आमची सख्खी बहीण. अकरा महिन्यांची असताना आईनं तिला मावशीला देऊन टाकलं. मावशीला मूल नव्हतं, बाबा तेव्हा वर्षभर हॉस्पिटलात, आणि आईच्या गळ्यात आम्ही तीन पोरं. हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीही बोलत नाही. मावशी मागच्या वर्षी गेली तेव्हाही आई तिकडे गेली नाही. गुडघे दुखतात म्हणाली. त्याच गुडघ्यांनी त्या आठवड्यात माळ्यावर चढून ट्रंक उतरवली.

आता आई कायमची बेटावर दादाकडे चालली आहे. शहात्तर पूर्ण. या वाटेनं परत काही येणार नाही. मी तिला पोचवणार आणि दहा दिवसांनी एकटी परत येणार. म्हणजे आई आणि धाकटी यांच्या वाट्याला उरले ते एवढेच तास. ते पंख्याखाली बसून काढायचे? मी असेपर्यंत तरी नाही.

५ मार्च

जेवताना आईला सांगितलं — वाटेत धाकटीकडे जाऊ या. तिनं पाण्याचा पेला उचलला, ठेवला, परत उचलला. "बघू," म्हणाली. आईचं 'बघू' म्हणजे नाही. आयुष्यभराचा अनुभव आहे.

मग भांडी आवरताना, मध्येच — "तिथलं दीपगृह बघण्यासारखं आहे म्हणतात."

दीपगृह! चार पावलांवरच्या बागेत चल म्हटलं तर "झाडं काय, दारातही आहेत" म्हणणारी बाई ही.

६ मार्च

दुकानात एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काच वाया घालवली. नव्वद अंशावर घासायची ती नऊवर घासली. मालक काच दिव्यासमोर धरून माझ्याकडे बघत राहिले. दोन शब्द बोलले असते तर बरं वाटलं असतं.

९ मार्च

धाकटीला मेसेज केला. चार वेळा लिहिला, चार वेळा पुसला. शेवटी गेला तो असा — "चोवीस तारखेला आई आणि मी तुझ्या शहरात आहोत. सकाळी आठ ते दुपारी चार. भेटू या." पाठवल्यावर वाटलं, हे तर दुकानाच्या वेळा कळवल्यासारखं झालं.

११ मार्च

दोन दिवसांनी उत्तर. "त्या दिवशी जहाज लागतंय. साडेतीनशे चादरी आहेत. बघते."

तिची लाँड्री आहे, जहाजांवरच्या चादरी-टॉवेल धुण्याची. मावशीच्या यजमानांनी, काकांनी सुरू केली, आता ती बघते. कबूल, काम आहे. पण सख्खी आई शेवटची येतेय आणि हिच्या तोंडी चादरी! वर ते 'बघते'. बघण्यात दोघी एकीला झाकावी आणि दुसरीला काढावी. एका घरात राहिल्या नाहीत, तरी हे बरोबर उतरलं आहे.

मी कशाला मरमर करतेय? दिवसभर हाच विचार. संध्याकाळी बस चुकली, दुसरी उभ्यानं.

१२ मार्च

आज खटका उडाला.

आईनं यादी केली आहे. स्वतःला लिहायला दिसत नाही म्हणून शेजारच्या मास्तरीणबाईंकडून मोठ्या अक्षरात लिहून आणली. दीपगृह. जुन्या बोटींचं संग्रहालय. काचेच्या तळाच्या नावेतून सफर. घड्याळाचा मनोरा. दादाच्या बायकोसाठी बाजारातून शिंपल्यांची पेटी. मी बसून हिशेब मांडला — प्रत्येक ठिकाणी किती, मध्ये टॅक्सीला किती. सात तास वीस मिनिटं. उरलेला वेळ सामान ठेवण्या-काढण्यात. एवढीशी फट ठेवली नाही बाईनं. एवढं काटेकोर तर मीही आखलं नसतं.

म्हटलं, "पोटच्या पोरीला भेटायला वेळ नाही आणि मनोऱ्यावरचं घड्याळ बघायला आहे?"

"तू मध्ये पडू नकोस."

"मी नको तर कोण पडणार? दादा?"

"कुणीही पडो. तू नकोस."

आवाज चढवला नाही तिनं. शांतपणे म्हणाली आणि यादीची घडी घालून पर्समध्ये ठेवली. बाबा गेल्यापासून तेवीस वर्षं मी हिच्याजवळ राहतेय. डोळ्यांत थेंब घालणारी मी, रांगेत उभी राहणारी मी, गुडघ्यांना तेल लावणारी मी. आणि 'तू नकोस'. फार लागलं मला ते.

१३ मार्च

अबोला. दोघींचाही. चहा मात्र तिनं केला.

१५ मार्च

दादाला फोन केला. तो तरी आईला समजावेल म्हणून. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कशाला जुनी मढी उकरतेस?"

म्हटलं, जिवंत माणसाला मढं काय म्हणतोस? बहीण आहे ती.

"तुला ना, आपल्याला सगळं ठाऊक आहे असं वाटतं," म्हणाला. मग त्याला एकदम काम आठवलं. अडचणीत सापडला की दादाला नेहमी काम आठवतं. लहानपणीही असाच पाय काढायचा.

१७ मार्च

ठरवलं. आईला काही सांगायचं नाही. गाडीतून उतरायचं, सामान ठेवायचं, चहा घ्यायचा, टॅक्सी करायची. आई समजेल दीपगृहाला चाललोय. टॅक्सीवाल्याला पत्ता मी कागदावर लिहून देणार. पावणेनऊला लाँड्रीच्या दारात. तीन वाजेपर्यंत तिथं. भांडल्या तरी चालेल, रडल्या तर उत्तमच.

आणि धाकटी नसलीच तर? किंवा असून बाहेर आली नाही तर? शहात्तर वर्षांची बाई रस्त्यावर उभी करून मी काय सांगणार तिला? दुकानात चार वेळा पत्ता काढून वाचला. पत्ता पाठ झाला, धीर काही आला नाही.

१९ मार्च

आईच्या बॅगा भरल्या. तीन बॅगांत घर बसवायचं म्हणजे... जाऊ दे. अर्ध्या वस्तू शेजारी वाटल्या. माझ्यासाठी म्हणून तिनं फक्त ओट्यावरचा रेडिओ ठेवला. "एकटीला आवाज लागतो," म्हणाली. मी लोकरीच्या कपड्यांत डोकं घातलं, नाहीतर तिथंच रडले असते.

मग, गुंडी लावता लावता, माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "ती आता केस कसे ठेवते?"

कोण ते विचारलं नाही मी. "फोटोत तरी आखूड दिसतात," म्हटलं.

"आखूड," आई म्हणाली. थोड्या वेळानं परत, "बरे दिसत असतील."

म्हणजे जीव तुटतोय. मग अडतं कुठं? मी डोकं आपटून घ्यायचं बाकी ठेवलं आहे.

२१ मार्च

धाकटीचा फोन. आपण होऊन! मी दुकानात, हातात काच, ती तशीच मशीनवर टाकली.

आवाज बाबांसारखा आहे. बसका. म्हणाली, "मावशीला पाठव तू. आमचा ड्रायव्हर स्टेशनवर येईल, घेऊन येईल, वेळेवर धक्क्यावर सोडेल." आईला ती मावशी म्हणते. तेच वळण लागलं तिला, दोष कुणाला द्यायचा.

म्हटलं, आम्ही दोघी येतोच की.

त्यावर ती म्हणाली, "तू नाही आलीस तरी चालेल."

मी हमाल आहे का? सगळं मी जुळवायचं आणि मीच बाहेर बाकावर बसायचं? 'आम्ही दोघी येतोय' म्हणून फोन ठेवला. मग अर्धा तास काम झालं नाही. आई म्हणते तू नकोस, ही म्हणते तू नकोस. मी असं काय घोडं मारलंय यांचं?

२३ मार्च

गाडीत. आई खिडकीशी, यादी हातात. मी तिच्याकडे बघायचं टाळतेय.

२४ मार्च, धक्का, प्रतीक्षालय, चारला दहा कमी

पंखे आहेत. दादा खोटं बोलला नाही.

गाडी वेळेवर आली. टॅक्सीत बसलो. समुद्र उजव्या हाताला लागला आणि टॅक्सी डावीकडे वळली. आईच्या लक्षात आलं. ओरडेल म्हणून मी तयार होते. तिनं फक्त यादी पर्समध्ये ठेवली आणि केसांवरून हात फिरवला.

लाँड्री म्हणजे लांबच लांब पत्र्याची खोली. वाफ, मशीनचा घुरघुराट, साबणाचा उग्र वास. मध्ये टेबलापाशी धाकटी, अंगात निळा डगला, एका बाईबरोबर चादरीच्या घड्या घालत होती. आम्हाला पाहिलं. हातातली घडी पूर्ण केली. मग त्या बाईला म्हणाली, "तू चहा पिऊन ये." आणि पुढची चादर उचलून आईला, "मावशी, टोक धरतेस?"

आईनं पर्स खाली ठेवली, सरळ ओल्या फरशीवर.

दोघींनी चादर ताणली. आई चालत पुढे गेली, आपली टोकं तिच्या हातात दिली, खालची घडी उचलून मागे आली, परत पुढे गेली. मग दुसरी चादर. मग तिसरी. दर घडीला एकमेकींपर्यंत यायचं आणि मागे जायचं. पाच-सात चादरी झाल्या. मग आई म्हणाली, "केस पांढरे केलेस." "मी नाही केले, झाले." "जेवतेस का वेळेवर?" "तुझे गुडघे कसे आहेत?" "आहेत."

कितव्या चादरीला ते कळलं नाही, पण आई पुढे गेली ती टोकं देऊन मागे आलीच नाही. चादर दोघींच्या मध्ये चुरगळली. धाकटीची मान आईच्या खांद्यावर. मशीन चालूच.

मी उठले, म्हटलं मीही एक टोक धरते. धाकटी म्हणाली, "तू बस." रागानं नाही म्हणाली. पण मी बसले.

मागच्या खोलीत जेवलो. दोघी अखंड बोलत होत्या, मावशीचं आजारपण, काकांचा हट्टीपणा, चादरीवरचे डाग कसे काढायचे. दुपारी धाकटी धक्क्यापर्यंत आली, आईची मोठी बॅग तिनंच उचलली. निघताना आईच्या दोन्ही गालांना हात लावला. मला म्हणाली, "सांभाळून जा." बरोबर सव्वातीनला गेली.

काहीही म्हणा, घडवून आणलं मी. शाबासकी द्यायला कुणी नाही, तेव्हा माझी मीच घेते. आई समोर बाकावर बसून डुलक्या घेतेय. कित्येक वर्षांत एवढी सैल बसलेली पाहिली नव्हती.

२५ मार्च, जहाजावर

सकाळी आईनं सांगितलं. मी काही विचारलंही नव्हतं.

मावशीला आधी मला दिलं होतं. मी तीन वर्षांची. मावशीला तान्हं मूल नको होतं, आपलं आपण चालणारं, जेवणारं हवं होतं. मी तिथं बावीस दिवस होते. अन्नाला तोंड लावलं नाही, रडून रडून ताप काढला. आई मला न्यायला गेली ती धाकटीला कडेवर घेऊन. परत आली ती मला घेऊन.

धाकटीला हे कळत्या वयापासून माहीत आहे. दादालाही. "आज ना उद्या ती तुझ्या तोंडावर विचारेल, म्हणून तुम्हाला समोरासमोर येऊ देत नव्हते," आई म्हणाली. "पण नाही विचारलं तिनं."

परतीच्या वाटेवर त्या शहरात मला साडेसहा तास आहेत. एकटीला.