चिठ्ठीवरचं नाव

प्रिय दादा,

हात पुसायचे बारा टॉवेल, सहा निळ्या दोऱ्याचे आणि सहा किरमिजी, मी माझ्या हातांनी भरले. या स्वीडिश विणीत सुई कापडावर उठलेल्या धाग्यांखालून सरकते, आरपार जात नाही, म्हणून मागची बाजू कोरी राहते. मला कुणी शिकवलं नाही, उसवत उसवत शिकलो.

तुझ्या दुकानात ते हातोहात खपले. मग वहिनी हसत म्हणाल्या, "भावजी, मला सुईत दोरा ओवता येत नाही, आणि यांनी टॉवेलांवर माझ्या नावाच्या चिठ्ठ्या लावल्यात! एक बाई शिकवणी मागायला आल्या. डोळे आलेत असं सांगून मी आत पळाले."

तुला विचारलं, तर तू म्हणालास, "अरे, मिशीवाल्याचं भरतकाम कोण घेईल? लोक हसतील."

हसू देत. मिशी माझी, टाकेही माझेच.

समोर बोललो की आपले आवाज चढतात, म्हणून लिहितोय. पाठवीन असं वाटत नाही. तू दिलेली ऑर्डर आणखी शंभर टॉवेलांची होती, नगाला सहाशे, म्हणजे साठ हजार, निम्मे आगाऊ, आणि चिठ्ठी वहिनींच्याच नावाची. मी नाही म्हणालो.

तुझा,
धाकटा