जावई हरावा म्हणून

टोलेडो,
जानेवारी सरता सरता

ती. जेनीताईस,

धाकट्या हेडीचा वाकून नमस्कार (वाकून म्हणजे कंबर परवानगी देईल तेवढंच). ऑगीभाऊजींचा गुडघा कसा आहे? फ्लोरिडातल्या उन्हाने सांधे मोकळे होतात म्हणे. इकडे तळ्यावरून असा वारा सुटलाय की मला सांधे आहेत की नाहीत हेच कळेनासं झालंय. आता मी खुशाल आहे. मधे मात्र नव्हते, ते सविस्तर कळवते. कॉफी घेऊन बस.

आपल्या गावच्या फुटबॉल संघाने, हार्बरमेननी, मोसम संपताच मुख्य प्रशिक्षकाला नारळ दिला, हे तू वाचलंच असशील. (मी ऑक्टोबरपासून रेडिओवर तेच मागत होते. गिलच्या कार्यक्रमात दर शनिवारी माझा फोन असतो. मी ज्याला जिंकवते तो हरतो अशी माझी ख्याती आहे, आणि अर्धं गाव माझं भाकीत ऐकून उलटी पैज लावतं. आमचे स्टॅन होते तेव्हा तेही लावायचे. घरातला फ्रीज त्यातूनच आला, म्हणून मी कधी रागावले नाही.) तर संघाच्या मालकीणबाईंनी नव्या प्रशिक्षकासाठी मुलाखती सुरू केल्या आणि पेपरात पहिलं नाव छापून आलं ते आपल्या रोरीचं. चर्चच्या पायऱ्यांवर लोक माझ्याशी हात मिळवायला लागले. एल पासोच्या स्कॉर्पियन्सचा बचाव गेली काही वर्षं आपले जावईबापू सांभाळतात, आणि यंदा त्या बचावापुढे भल्याभल्यांनी हात टेकले होते. माझ्या डोक्यात मात्र बचाव नव्हता. थेरेसा गावात येणार, मुलं रविवारी जेवायला येणार, एवढंच होतं. धाकटीला वाटतं आजी फोनच्या आतच राहते. परवा तिने मला बिस्किट भरवलं ते काचेला फासून. मी वरची खोली झाडून घेतली, पडदे धुतले, सारण भरलेल्या पिएरोगी करून फ्रीजर गच्च भरला.

आणि मग नियम आडवा आला. स्कॉर्पियन्स बाद फेरीत खेळताहेत तोवर रोरीला दुसऱ्या कुणाशी करार करता येत नाही. मालकीणबाईंना तर धीर म्हणून नाही. दुसरे उमेदवार होते एक पिकल्या केसांचे गृहस्थ, दोन ठिकाणांहून काढलेले, त्यामुळे अगदी मोकळे. म्हणजे रोरी जितका लवकर हरेल तितकी माझी लेक लवकर घरी. हे कुणालाही पटेल असं गणित आहे, ताई. मी शनिवारी गिलला फोन लावला आणि छातीठोकपणे सांगितलं की स्कॉर्पियन्स सहज जिंकणार. माझ्या शब्दाला आजवर जी कीर्ती आहे तिच्यावर माझा पूर्ण भरवसा होता.

ते सहज जिंकले.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा तेच भाकीत केलं, जरा जास्तच जोरात. पुन्हा जिंकले. गाव माझ्यावर चिडलं (उलटी पैज लावणाऱ्यांचं नुकसान झालं, खाटीक तर मला ओळख दाखवेना). मी फादर कॅझिमिरना गाठलं आणि स्कॉर्पियन्स हरावेत म्हणून एक मेणबत्ती लावाल का असं विचारलं. ते म्हणाले, कुणाच्या पराभवासाठी चर्चमध्ये मेणबत्ती लागत नाही. मग तडजोड म्हणून ‘प्रवासी सुखरूप घरी यावेत’ यासाठी एक लावली. प्रवासी कोण ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

पण या जगात काही लपून राहत नाही. गिलचा कार्यक्रम हल्ली तिकडे टेक्सासातही ऐकता येतो. उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी सकाळी थेरेसाचा फोन आला. आवाज शांत होता, आणि ती शांत झाली की मला भीती वाटते.

“आई, तू आम्हाला मुद्दाम जिंकवतेयस ना?”

मी म्हटलं, छे गं, मनापासून.

“तो आयुष्यभर ह्या एका रविवारसाठी राबलाय. आणि तुला तो हरायला हवाय, कशासाठी, तर आम्ही जेवायला यावं म्हणून?”

मी पिएरोगींबद्दल काहीतरी बोलले. तिने फोन ठेवला. ताई, त्या शनिवारी गिलकडून फोन आला तो मी उचलला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच माझं काही मत नव्हतं.

सामना चर्चच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर होता. मी मुद्दाम मागे बसले, शेजारी फादर, हातात कोबीचं सूप. शेवटच्या मिनिटाला समोरचा संघ रेषेपासून दोन यार्डांवर, चौथा आणि शेवटचा प्रयत्न, रेषा ओलांडली की स्कॉर्पियन्स घरी. म्हणजे थेरेसा घरी. आणि कॅमेऱ्याने रोरी दाखवला. डोक्यावर टोपी नव्हती, कान थंडीने लाल झाले होते, दोन्ही हात पोटाशी धरले होते. आमच्या स्वयंपाकघरात थेरेसाला मागणी घालायला आला होता तेव्हाही असाच उभा होता गं. त्याची बचावातली पोरं भिंतीसारखी उभी राहिली, तो धावणारा भिंतीवर आपटून मागे पडला, आणि मी खुर्चीवर उभी राहून ओरडत होते. सूप फादरांच्या बाहीत होतं.

दुसऱ्याच दिवशी मालकीणबाईंनी पिकल्या केसांचे गृहस्थ नेमले. संध्याकाळी रोरीनेच फोन केला. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाला, “सासूबाई, बरंच झालं. मी मुलाखत थेरेसासाठी दिली होती. टोलेडोचा प्रशिक्षक झालो असतो तर ऑक्टोबरात तुम्हीच रेडिओवर माझी हकालपट्टी मागितली असती.”

मी नाही म्हणणार होते. पण तोंडातून निघालं, “सप्टेंबरात.” तो कितीतरी वेळ हसत होता. मागून थेरेसाही हसल्याचं ऐकू आलं, तेव्हा कुठे मला नीट श्वास आला. त्यांनी मला अंतिम सामन्याला बोलावलंय, नंतर दोन आठवडे एल पासोला. ऑगीभाऊजींना नमस्कार सांग, स्वतःला जप.

तुझी,
हेडी

ता. क. नवे प्रशिक्षक परवा दुकानात दिसले. कांदे निवडून निवडून घेत होते. माणूस बरा वाटला. गिलला सांगून ठेवलंय की बाद फेरी नक्की गाठतील. बिचारे.

ता. क. दुसरा. पत्र खरं म्हणजे यासाठी लिहिलं. थेरेसा तुझं ऐकते. तिला एकदा फोन कर, आणि तुझ्याच मनात आल्यासारखं सुचव, की हेडीला आता तिकडेच ठेवून घ्या, एकटी कशाला राहायची त्या थंडीत. मी नको नको म्हणेन. घर आहे, स्टॅनची कबर आहे, टोमॅटोची रोपं आहेत, असं सगळं म्हणेन. तू लक्ष देऊ नकोस. फार वेळ म्हणणार नाही.