तीन घरांची एक गाडी

धामणगाव बढे,
सोमवार, दुकान उघडण्याआधी

चि. प्रज्वल यास भगवंतमामाचा आशीर्वाद. तुझी तब्येत ठणठणीत असेल, पुण्याची हवा मानवत असेल आणि शहाणपण रोज थोडं थोडं वाढतच असेल. इकडे सगळे बरे आहेत. तुझी मामी मात्र अजून शिंकते. (कारण सांगतो.)

दिवाळीत माझ्याच घरचा चिवडा खात तू मला समजावलंस की स्वतःची गाडी ठेवणं हा मागासपणा, शहाणी माणसं गाडी वाटून वापरतात. मी खत-बियाणं विकणारा, तू काचेच्या इमारतीत बसणारा, ऐकलं. चांगली चालती गाडी विकली आणि कापडवाले रहेमतुल्लाभाई, भाजीवाला गोविंदा आणि मी, तिघांनी मिळून एक घेतली. नियमही तुझाच: ज्याला गाडी हवी त्यानं आदल्या दिवशी मोबाईलच्या ग्रुपवर लिहायचं.

पहिल्याच आठवड्यात गोविंदानं मागच्या सीटवरून सुक्या मिरच्यांची पोती नेली. दुसऱ्या दिवशी मी आणि मामी चिखलीला लग्नाला निघालो, ते मोताळ्यापर्यंत नुसते शिंकत. मांडवात मामीचे लाल डोळे पाहून नवरीच्या आईला वाटलं ही रडतेय, म्हणून तिनंही हंबरडा फोडला. (अजून अक्षतासुद्धा पडल्या नव्हत्या.) गोविंदाला जाब विचारला तर म्हणतो, "काका, गाडी तिघाइची, मंग ठसका माह्या एकट्याचा काऊन?" तुझ्याकडे उत्तर असलं तर कळव.

आता छायाचं ऐक. ती बाळंतपणाला माहेरी आलीय हे तुला माहीतच आहे. गेल्या बुधवारी भर दुपारी तिला कळा सुरू झाल्या, तारखेच्या बारा दिवस आधी. आणि गाडी? ती रहेमतुल्लाभाई आणि जमीलाभाभींना घेऊन नुकतीच संग्रामपूरला निघालेली, त्यांच्या भाचीच्या मंगनीला. मी ग्रुपवर लिहिलं. गोविंदानं अंगठा पाठवला! (लेक कण्हतेय आणि हा अंगठा दाखवतो.) कळा काय आदल्या दिवशी नाव लिहून येतात? शेवटी मामीनं मोबाईल हिसकावला आणि सरळ भाभींना फोन लावला. भाभी म्हणाल्या, "मंगनी माह्याबिगर होईन, लेकरू थांबते काय?" पंधरा मिनिटांत गाडी दारात. भाभी मिठाईच्या डब्यासकट फाट्यावरच उतरल्या होत्या, एसटीची वाट पाहत.

बुलडाण्याला पोचलो आणि अर्ध्या तासात मुलगी झाली. दोघी सुखरूप. भाई शेरवानी घालून दवाखान्याबाहेर बसलेले, नर्स आली आणि त्यांनाच म्हणाली, "आजोबा, नात झाली!" आणि या गृहस्थांनी डोळे पुसत "शुक्रिया, बेटा" म्हटलं. मी बाजूलाच उभा होतो! आता आजोबापणही वाटून वापरायचं का?

असं हे तुझं शहाणपण. स्वतःची गाडी असती तर कोणाचे उपकार झाले नसते. आता त्या माणसाशी जन्मभर भांडताही यायचं नाही.

ताईला नमस्कार सांग. तुला मात्र समोर बसवूनच बोलेन.

तुझा,
भगवंतमामा

ता. क. : तू पुण्यात नवी कोरी गाडी बुक केल्याचं ताईनंच सांगितलं. अभिनंदन. लाज वाटत असेल तर पेढे कुरिअरनं पाठव.

आणखी एक : पत्र लिहायचं कारण राहिलंच. गोविंदाही स्वतःची गाडी घ्यायच्या बेतात आहे. तो तुला मानतो. पत्र मिळताच फोन कर आणि वाट्टेल ते सांगून त्याला थांबव. पुढच्या रविवारी मी भाभींना त्यांच्या भाचीला भेटवायला नेतोय. ही तिघांची गाडी मोडू द्यायची नाही.